प्रवासखर्च आता बिलातच दाखवा असे कंपनी म्हणते. स्वतंत्र सल्लागाराच्या करावर याचा काय परिणाम होईल?

पॅनेलवाला_अंबड यांचा प्रश्न

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे नोकरी केल्यावर मी आता स्वतंत्रपणे पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रॅमिंग आणि यंत्रांच्या कमिशनिंगची, म्हणजे यंत्र साइटवर चालू करून देण्याची, कामे घेतो. माझे ग्राहक म्हणजे सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील विशेष यंत्रे बनवणारे उत्पादक आहेत. त्यांची यंत्रे मात्र चाकण, वाळूज, वापी आणि क्वचित होसूर येथील कारखान्यांत बसवली जातात, त्यामुळे माझ्या कामाचा मोठा भाग साइटवरच होतो आणि प्रवास, हॉटेल, जेवण यांचा खर्च सतत चालू असतो.

आतापर्यंतची पद्धत सोपी होती. पीओमध्ये (ग्राहकाच्या खरेदी आदेशात) दिवसाचा दर ठरलेला असे आणि प्रवासखर्च ‘ॲक्चुअल्सवर’, म्हणजे प्रत्यक्ष होईल तेवढा, असे लिहिलेले असे. फीचे बिल वेगळे जाई, प्रवासाच्या पावत्या जोडून डेबिट नोट (खर्च वसुलीचे मागणीपत्र) वेगळी जाई, आणि डेबिट नोटची रक्कम टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) न कापता पूर्ण मिळे. आता माझ्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचे पत्र आले आहे, त्यानुसार येत्या १ एप्रिल २०२६ पासून डेबिट नोट स्वीकारली जाणार नाही. प्रत्येक भेटीसाठी प्रवासाची ठोक रक्कम फीच्या बिलातच दाखवायची आणि संपूर्ण बिलावर टीडीएस कापला जाईल. दुसऱ्या एका ग्राहकाने नेमके वेगळे सांगितले आहे: हॉटेल आणि तिकिटांची बिले आमच्या नावाने आणि आमच्या जीएसटी क्रमांकावर घ्या, म्हणजे ती आम्ही भागवू.

माझी वर्षाची फी साधारण १७ लाख रुपये आणि प्रवासाची वसुली साधारण ५ लाख रुपये असते. विवरणपत्र मी कलम ४४एडीए (व्यावसायिकांसाठीची अनुमानित उत्पन्नाची योजना) खाली नव्या करप्रणालीत भरतो. फी २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नाही. हे ५ लाख बिलात आले तर माझा आयकर वाढेल का? ४४एडीए सोडून हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि प्रवासखर्च प्रत्यक्ष वजा घ्यावा, हे योग्य ठरेल का? आणि मुळात कंपन्या आताच असे का करू लागल्या आहेत? इंग्लंडमध्ये कंत्राटावर काम करणारा माझा एक मित्र म्हणतो की तिकडे मैलामागे ठरावीक रक्कम करातून वजा मिळते. आपल्याकडे तशी काही सोय आहे का?

---

सातपूर_लेखाविभाग

मी सातपूरच्या एका कारखान्यात देयकांचे काम पाहतो, त्यामुळे ‘कंपन्या असे का करतात’ एवढ्या भागाचे उत्तर देतो.

याचे मूळ कलम १९४आर मध्ये आहे. २०२२ च्या वित्त अधिनियमाने हे कलम आणले आणि १ जुलै २०२२ पासून ते लागू झाले. व्यवसायाच्या संबंधातून एखाद्याला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा लाभ दिला, तर त्यावर १० टक्के टीडीएस कापावा असे हे कलम सांगते. प्रथमदर्शनी याचा संबंध विक्रेत्यांना मिळणाऱ्या परदेश सहली आणि भेटवस्तूंशी वाटतो, आणि सुरुवातीला आम्हालाही तो तेवढाच वाटला होता. परंतु १६ जून २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १२ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सल्लागाराच्या प्रवासखर्चाचाच विषय घेतला आणि स्पष्ट केले की आपली सेवा देण्यासाठी होणारा खर्च हा मुळात सल्लागाराचा स्वतःचा खर्च असतो. त्याचे बिल सल्लागाराच्या नावावर असेल आणि ग्राहकाने ते भरून दिले, तर ग्राहकाने त्याला लाभ दिला असे धरले जाईल. बिल ग्राहकाच्या नावावर असेल, तर तो ग्राहकाचाच खर्च ठरतो आणि लाभाचा प्रश्न उद्भवत नाही.

यावर बराच गोंधळ झाल्यानंतर १३ सप्टेंबर २०२२ चे परिपत्रक क्रमांक १८ आले. प्रवासाची रक्कम जर सेवेच्या मोबदल्याचा भाग म्हणून बिलातच असेल आणि त्या संपूर्ण बिलावर १९४जे (व्यावसायिक व तांत्रिक सेवांच्या फीवरील टीडीएसचे कलम) किंवा अन्य योग्य कलमाखाली टीडीएस कापला जात असेल, तर १९४आर खाली पुन्हा कापण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या दोन ग्राहकांनी या दोन परिपत्रकांतून एकेक मार्ग उचलला आहे, एवढाच त्यांच्यातला फरक आहे. तुमच्या नावावरच्या पावत्या आणि टीडीएसविना डेबिट नोट ही जुनी पद्धत मात्र दोन्ही परिपत्रकांत कोठेच बसत नाही. लेखापरीक्षकाने ती पकडली की न कापलेल्या टीडीएसवर दरमहा १ टक्का व्याज कंपनीलाच भरावे लागते, म्हणून लेखाविभाग हा धोका पत्करायला तयार नसतो.

‘आताच का’ याचे एक व्यावहारिक कारणही आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत आहे आणि टीडीएसची बहुतेक सर्व कलमे एकाच कलम ३९३ मधील तक्त्यांत गेली आहेत. त्यामुळे सगळीकडे पीओचे मसुदे, संगणकातले कोड आणि देयकांच्या अटी नव्याने लिहिल्या जात आहेत, आणि हात लागलाच आहे तर जुन्या सैल पद्धतीही आवळून घ्याव्यात असा बहुतेकांचा विचार दिसतो.

---

वहीखाते_पंचवटी

वरचे उत्तर अचूक आहे. आता आकड्यांकडे येऊ. तुम्हाला भीती आयकराची वाटते आहे, पण तुमच्या आकड्यांत आयकर दुय्यम आहे आणि खरा प्रश्न जीएसटीचा आहे.

४४एडीए खाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते. १७ लाखांवर हे उत्पन्न साडेआठ लाख होते आणि २२ लाखांवर ११ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ५ लाख बिलात आल्याने कर वाढत नाही. व्याज किंवा भाडे असे दुसरे उत्पन्न मोठे असेल तर ते मिळवून १२ लाखांची रेषा ओलांडली जाते का, एवढे तपासावे. फरक पडेल तो रोख हातात येण्यात. ग्राहक १० टक्क्यांनी टीडीएस कापत असेल, तर १ लाख ७० हजारांऐवजी २ लाख २० हजार रुपये सरकारकडे जातील आणि परतावा येईपर्यंत तेथेच राहतील. तुमचे काम व्यावसायिक सेवेत न धरता तांत्रिक सेवेत धरले तर टीडीएसचा दर २ टक्के असतो. ग्राहकाचा लेखाविभाग कोणता दर लावतो हे पीओ घेतानाच विचारावे, कारण ठेकेदारीचा भाग असलेल्या अनेक कामांत हा वाद शेवटपर्यंत चालतो.

वह्या ठेवून खर्च प्रत्यक्ष वजा घेण्याचा विचार तुम्ही सोडून द्यावा असे मी म्हणेन. समजा प्रवास ५ लाख आणि लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे परवाने, फोन, विमा वगैरे मिळून दीड लाख. २२ लाखांतून साडेसहा लाख वजा जाता उत्पन्न साडेपंधरा लाख राहते, तर ४४एडीए खाली ते ११ लाखच आहे. प्रत्यक्ष खर्च जमेच्या निम्म्याहून अधिक असेल तरच वह्यांचा मार्ग फायद्याचा ठरतो. शिवाय निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे तर वह्यांबरोबर कर लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते, आणि १०,००० रुपयांहून अधिक रक्कम एका व्यक्तीला एका दिवसात रोखीने दिली असेल तर तेवढा खर्च नाकारला जातो. टॅक्सीवाल्याला रोख पैसे देण्याची सवय असलेल्यांना ही अट नेहमी नडते. एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे: अनुमानित योजना सोडली की पाच वर्षे परत येता येत नाही ही अट व्यापाऱ्यांसाठीच्या ४४एडी मध्ये आहे, ४४एडीए मध्ये नाही.

आता जीएसटी. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या एकूण उलाढालीची आहे आणि तुमचे २२ लाख होतात. इथवर तुम्हाला ठाऊकच असेल. पण कंपनीच्या पत्रामुळे तुम्ही ही मर्यादा ओलांडणार आहात असे समजू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार पुरवठादाराने ग्राहकाकडून वसूल केलेला आनुषंगिक खर्च सेवेच्या मूल्यातच धरला जातो, मग तो फीच्या बिलात असो वा वेगळ्या डेबिट नोटमध्ये. याला अपवाद नियम ३३ मधील ‘प्युअर एजंट’चा आहे, आणि त्यासाठी तुम्ही ग्राहकाच्या वतीने, त्याच्या अधिकृत परवानगीने पैसे भरलेले असावे लागतात आणि ती वस्तू किंवा सेवा तुम्ही स्वतःच्या कामासाठी वापरलेली नसावी लागते. वापीच्या हॉटेलात तुम्ही स्वतः राहता, तेही तुमची सेवा पुरी करण्यासाठी; त्यामुळे स्वतःच्या प्रवासाला हा अपवाद सहसा लागू होत नाही. म्हणजे डेबिट नोटांच्या काळातही तुमची उलाढाल बहुधा २० लाखांच्या वरच होती. नोंदणीची जबाबदारी आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, त्यामुळे मागील वर्षांचे आकडे घेऊन आधी आपल्या सीएंना भेटा आणि एप्रिलची वाट पाहू नका.

नोंदणीचा बाऊ मात्र करू नये. तुमचे सर्व ग्राहक नोंदणीकृत उत्पादक आहेत, तुम्ही लावलेल्या १८ टक्क्यांची वजावट त्यांना स्वतः भरायच्या जीएसटीतून मिळते आणि त्यांच्या खिशाला ते महाग पडत नाही. काम वापीत झाले तरी ग्राहक महाराष्ट्रात नोंदलेला असल्याने तुमच्या बिलावर राज्य आणि केंद्र असा दुहेरी जीएसटी लागेल, आंतरराज्य नव्हे. विवरणपत्रे तिमाही भरण्याची सोय आहे. सेवांसाठी ६ टक्क्यांची एक सोपी योजनाही आहे, पण तिच्यात ग्राहकाला वजावट मिळत नाही, म्हणून कारखान्यांसाठी काम करणाऱ्यांना ती उपयोगाची नाही.

---

गंगापूररोड_वास्तुविशारद

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण माझ्या बाबतीत आयकराचाच फटका मोठा होता. मी वास्तुविशारद आहे. फी सुमारे २२ लाख आणि प्रवासाची वसुली ५ लाख अशी आकडेवारी धरली, तर फक्त फीवर ४४एडीए खालचे उत्पन्न ११ लाख येते आणि कर शून्य. प्रवास मिळवला की जमा २७ लाख, उत्पन्न साडेतेरा लाख, आणि उपकरासह कर ८५,८०० रुपये. जो पैसा माझ्या हातातून पेट्रोल पंप, टोल नाका आणि हॉटेलकडे गेला, त्याच्या निम्म्या रकमेला माझे उत्पन्न समजून हा कर बसतो. ज्यांची जमा २४ लाखांच्या आसपास आहे त्यांनी हे गणित जरूर मांडून पाहावे, कारण या रेषेजवळ प्रवासाची एकेक रक्कम महत्त्वाची ठरते.

म्हणून मी करारपत्रातच बदल केला. इगतपुरी आणि त्र्यंबक परिसरातील कामांसाठी ग्राहक गाडी पाठवतात. पुण्या-मुंबईकडील संस्थात्मक ग्राहक तिकीट आणि खोली स्वतः आरक्षित करतात आणि पैसे थेट देतात. माझ्या खात्यावर ती रक्कम येतच नाही. बंगला बांधणाऱ्या घरमालकांच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. घरमालकाला जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे माझ्या बिलात प्रवासाचे ५ लाख असतील तर त्यावरचे ९०,००० रुपये त्याला निव्वळ भुर्दंड पडतात. कारखान्याला जे चालते ते घरमालकाला चालत नाही, म्हणून प्रश्नकर्त्यांना दिलेला सल्ला सर्वांनी जसाच्या तसा उचलू नये.

स्वतःच्या गाडीबद्दल विचारायचे होते. किलोमीटरमागे ठरावीक दर लावून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम प्रतिपूर्ती धरता येते का? आणि नवी गाडी व्यवसायाच्या नावाने घेतली तर काही लाभ आहे का? विक्रेता तर फारच आग्रह करतो आहे.

---

वहीखाते_पंचवटी

किलोमीटरचा दर ही प्रतिपूर्ती नाही. त्यात डिझेल, झीज, विमा आणि थोडा नफाही मिसळलेला असतो आणि त्याच्यामागे तिसऱ्या कोणाचे बिल नसते, म्हणून ती सरळ तुमची जमा आहे, आयकरासाठीही आणि जीएसटीसाठीही.

गाडीबद्दल विक्रेते जेवढे सांगतात तेवढा लाभ नसतो. वह्या ठेवणाऱ्याला गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा, आणि त्यातूनही घरगुती वापराचा वाटा वगळावा लागतो. ४४एडीए वाल्यांना घसारा वेगळा मिळत नाही. तो त्या पन्नास टक्क्यांतच मिळाला असे कायदा मानतो आणि गाडीची वहीतली किंमत मात्र दरवर्षी कमी होत जाते. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरच्या जीएसटीची वजावट कलम १७(५) ने बंद केली आहे, भाड्याच्या गाडीलाही तेच लागू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे गाडी स्वस्त झाली हे खरे. पण ती जशी शेजाऱ्याला स्वस्त झाली तशीच तुम्हाला झाली.

गाडी स्वतःची असेल तर फास्टॅगचे विवरण जपून ठेवा. समृद्धीवर इगतपुरीहून आमण्यापर्यंत गेलात किंवा सिन्नरमार्गे चाकणला गेलात, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते आणि साइटच्या भेटीच्या अहवालाशी ती जुळवून दाखवता येते. हाताने लिहिलेल्या वहीपेक्षा अधिकारी याच्यावर अधिक विश्वास ठेवतात, असे माझे मत आहे.

---

कसारा_उतार

मूळ प्रश्नातील इंग्लंडचा मुद्दा राहिला आहे, त्याबद्दल थोडे लिहितो, कारण मी काही काळ तिकडे कंत्राटावर होतो.

पहिल्या १०,००० मैलांपर्यंत मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स हा दर तिकडे आहे खरा, पण तो कंत्राटदाराला सरसकट मिळतो असे नाही. मधल्या ‘अंब्रेला’ कंपनीच्या पगारावर राहून प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीत काम करणाऱ्यांना पूर्वी घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासावर करसवलत मिळत असे. ६ एप्रिल २०१६ पासून ही सवलत अशा लोकांसाठी बंद झाली, जर त्यांचे काम ग्राहकाच्या देखरेखीखाली, सूचनेनुसार किंवा नियंत्रणात चालत असेल तर. प्रत्येक कंत्राटाची जागा हेच त्यांचे नेहमीचे कार्यालय मानले जाऊ लागले. ज्यांना ही सवलत उरली त्यांनाही एकाच ठिकाणी २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ काम करण्याचा अंदाज असेल तर ती मिळत नाही. त्या बदलानंतर अनेकांच्या हातात येणारी रक्कम कमी झाली आणि लांबची कंत्राटे परवडेनाशी झाली.

भारतात स्वतंत्र व्यावसायिकासाठी किलोमीटरमागे ठरावीक वजावट नाही आणि २४ महिन्यांसारखी रेषाही नाही. प्रत्यक्ष खर्च व्यवसायासाठीच झाला का आणि तो वैयक्तिक स्वरूपाचा आहे का, एवढी कसोटी आहे. त्यामुळे तिकडचे लेख वाचून इकडचा हिशेब मांडू नये.

---

पॅनेलवाला_अंबड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जीएसटीचा मुद्दा मी इतक्या गांभीर्याने पाहिला नव्हता. सीएंची वेळ घेतली आहे.

दोन शंका उरतात. मी नोंदणी घेतल्यावर हॉटेलच्या बिलावरील जीएसटीची वजावट मला मिळेल ना? आणि ठोक रकमेऐवजी पावत्यांप्रमाणे नेमकी रक्कम घेण्याचा आग्रह मी पहिल्या ग्राहकाकडे धरला, तर ती रक्कम ४४एडीए च्या जमेतून वगळता येईल का?

---

सातपूर_लेखाविभाग

हॉटेलच्या बाबतीत नियम नुकताच बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण त्याबरोबर हॉटेलवाल्याला स्वतःच्या खरेदीवरचा कर वळता करण्याची सोय बंद झाली. पूर्वी ३,००० रुपयांच्या खोलीवर ३६० रुपये कर लागे आणि नोंदणीकृत व्यावसायिक ते वळते करून घेई, म्हणजे त्याला खोली ३,००० लाच पडे. आता १५० रुपये लागतात; बंदी हॉटेलवाल्याच्या वजावटीवर आहे, त्यामुळे नोंदणीकृत व्यावसायिकाला तेही वळते करता येतात. नोंदणी नसलेल्या प्रवाशाला खोली स्वस्त झाली, नोंदणी असलेल्याला कराने फारसा फरक पडला नाही. मात्र खरेदीवरचा कर वळता करता येत नसल्याने मूळ भाडे वाढवण्याकडे हॉटेलवाल्याचा कल असतो, हे वेगळे सांगायला नको. ७,५०० च्या वरच्या खोलीवर १८ टक्के आणि वजावट हे कायम आहे. सिंहस्थाच्या दिवसांत नाशिकची साधी खोलीही या गटात गेली तर नवल वाटू नये. मात्र वजावट दोन्ही गटांत तुमची नोंदणी असलेल्या राज्यातल्या हॉटेलापुरतीच मिळते, कारण खोलीचा कर जिथे इमारत आहे त्या राज्याचा असतो. वापी आणि होसूरच्या बिलांवर ती पूर्वीही मिळाली नसती.

थोडक्यात, फीचा दर ठरवताना परराज्यातील हॉटेलचा खर्च करासह धरून ठरवा.

---

वहीखाते_पंचवटी

दुसरी शंका मोलाची आहे आणि तिच्यावर आमच्या कार्यालयातही एकमत नाही. माझे मत मांडतो.

नेमक्या खर्चाची, नफा न मिसळलेली प्रतिपूर्ती हे उत्पन्न नाही, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे; मुंबई उच्च न्यायालयाचा सीमेन्स प्रकरणातील २००८ चा निर्णय त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. पण ४४एडीए सारख्या अनुमानित योजनेत उत्पन्नाऐवजी ‘एकूण जमा’ मोजली जाते, आणि तेथे सर्वोच्च न्यायालयाचा सेडको फॉरेक्स प्रकरणातील २०१७ चा निर्णय लक्षात ठेवावा लागतो. तेलविहिरी खोदणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी कलम ४४बीबी आहे, ज्यात मिळालेल्या रकमेच्या १० टक्के उत्पन्न धरले जाते. खोदाईची यंत्रणा भारतात आणण्यासाठी करारानुसार मिळालेली ‘मोबिलायझेशन’ची रक्कम या जमेत धरायची का, हा वाद होता. न्यायालयाने ती धरली, आणि त्यामागे एक कारण असे होते की ती रक्कम करारात ठोक ठरलेली होती. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नव्हता, म्हणून तिला प्रतिपूर्ती म्हणता येत नव्हते.

यंत्रणा समुद्रातून आणायची असो वा तुम्ही टूलकिट घेऊन वाळूजला जायचे असो, प्रश्न एकच आहे. पहिल्या ग्राहकाची ‘प्रत्येक भेटीसाठी ठोक रक्कम’ ही सरळ या निर्णयाच्या कक्षेत येते. ती १०० टक्के जमेत धरा, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नेमक्या पावत्यांवरची रक्कम वगळण्यासाठी युक्तिवाद आहे, पण ती तुमच्या बिलात असेल, तिच्यावर टीडीएस कापला गेला असेल आणि २६एएस (आयकर खात्याकडील टीडीएसची नोंद) मध्ये २२ लाख दिसत असताना तुम्ही विवरणपत्रात १७ लाख दाखवाल, तर संगणक नोटीस काढणारच. तुमच्या उत्पन्नावर मुळात करच बसत नसताना त्या वादात पडण्याचे काही कारण मला दिसत नाही. वास्तुविशारद ताईंसारख्या ज्यांना ८५ हजारांचा फरक पडतो, त्यांनीही वगळण्याच्या युक्तिवादावर अवलंबून राहण्यापेक्षा रक्कम खात्यावर येणारच नाही अशी व्यवस्था केली, ती मला अधिक शहाणपणाची वाटते.

---

गंगापूररोड_वास्तुविशारद

यात एक अडचण सांगते. ग्राहकाने आरक्षण करायचे ठरले की वेळ आणि दर्जा त्याच्या हातात जातो. पहाटेची एसटी आणि स्टँडजवळची खोली माझ्यासाठी आरक्षित झालेली मी पाहिली आहे. करारपत्रात प्रवासाची श्रेणी, खोलीचा किमान दर आणि रद्द झाल्यास खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे.

---

पॅनेलवाला_अंबड

ठरवले ते सांगतो. दुसऱ्या ग्राहकाची पद्धत, म्हणजे त्यांच्या नावाने बिले, शक्य तेथे स्वीकारणार आणि तिकिटे व खोली त्यांनाच आरक्षित करायला सांगणार. पहिल्या ग्राहकाकडे ठोक रक्कम मान्य, पण ती परराज्यातील हॉटेलचा ५ टक्के कर, टोल आणि परताव्यात अडकणारा टीडीएस धरून नव्याने मागणार. जीएसटी नोंदणीचा अर्ज सीएंच्या सल्ल्याने लगेच करतो. मार्चमधील भेटींचे काय? त्या जुन्या पीओवर आहेत आणि पैसे एप्रिलमध्ये येतील.

---

सातपूर_लेखाविभाग

टीडीएस रक्कम देताना किंवा खात्यात जमा धरताना, यांतील जे आधी होईल तेव्हा कापला जातो. मार्चअखेरीस कंपन्या न आलेल्या बिलांचीही तरतूद करतात आणि त्यावर टीडीएस कापून टाकतात. तुमची डेबिट नोट उशिरा पोहोचली, तर अंदाजे धरलेली रक्कम या वर्षाच्या २६एएस मध्ये आणि उरलेली पुढच्या वर्षात, अशी विभागणी होऊन मेळ बसवणे अवघड जाते. मार्चच्या सर्व पावत्या ३१ तारखेपूर्वी त्यांच्या लेखाविभागात ईमेलने पोहोचवा आणि पोच घ्या. एप्रिलच्या पहिल्या भेटीपूर्वी सुधारित पीओ हातात असू द्या. त्यात जुनी कलमे लिहिलेली असतील तर बदलून मागा, कारण ४४एडी, ४४एडीए आणि ४४एई ही अनुमानित योजनेची तिन्ही कलमे नव्या अधिनियमात कलम ५८ मध्ये एकत्र आली आहेत आणि आमच्याकडे तरी १ एप्रिलनंतर जुन्या क्रमांकाचा पीओ संगणक स्वीकारणार नाही.